सातची भरती, अकराचं बुकिंग: देवबागच्या एका बोटफेरीचं प्रकरण

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात देवबागच्या एका मच्छीमार कुटुंबाच्या मोबाईलवर बुकिंगचा निरोप आला. पुण्याचं सात जणांचं कुटुंब, उद्या सकाळी ११ वाजता. स्नॉर्कलिंग, डॉल्फिन, सिंधुदुर्ग किल्ला आणि शेवटी घरगुती सुरमई थाळी. निरोप पाठवणारा मालवणातला एजंट होता आणि वेळ त्यानेच ठरवली होती. हॉटेलचा नाश्ता साडेदहापर्यंत चालतो, म्हणून ११.

या कुटुंबाकडे बाहेरून इंजिन लावलेली फायबरची एक होडी आहे. ऑक्टोबर ते मे या काळात मासेमारी सांभाळून ते पर्यटकांच्या लहान फेऱ्या करतात, एका वेळी जास्तीत जास्त आठ पाहुणे. होडीवर तांडेल (म्हणजे होडीचे प्रमुख), तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत शिकलेला त्यांचा पुतण्या आणि एक खलाशी. जेवण घरचं, तांडेलांच्या पत्नी आणि जाऊबाई मिळून करतात. त्या दिवशी मी होडीत तांडेलांच्या शेजारी बसलो होतो. आदल्या संध्याकाळची बोलणीही मी त्यांच्या ओटीवर बसून ऐकली होती. कोकणातल्या छोट्या बोटफेऱ्या कुठे बिघडतात आणि कशा सुधारतात, हे या एका दिवसात जितकं स्पष्ट दिसलं तितकं एरवी क्वचितच दिसतं, म्हणून ते सविस्तर मांडतो.

आदली संध्याकाळ

निरोप वाचून तांडेलांनी पहिली गोष्ट पाहिली ती तिथी. पौष शुद्ध दशमी. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. दशमीची पाऊणपट साडेसात. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. मालवणकडे भरती थोडी आधी लागते, म्हणजे सकाळी सातच्या आसपास पूर्ण भरती आणि साधारण एक वाजता पूर्ण ओहोटी. मोबाईलवरचं भरतीचं कोष्टक त्यांनी नंतर उघडलं, खातरजमेसाठी.

आता ११ ची फेरी या वेळापत्रकावर ठेवून पाहा. होडी कर्ली खाडीत, घरामागे बांधलेली. बाहेर पडायचं तर देवबागच्या टोकाला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावरून जावं लागतं. तिथे वाळूचा उथळ पट्टा आहे. भरतीला तो पाण्याखाली खोल असतो आणि होडी सहज पार होते. ओहोटीला त्याच पट्ट्यावर लाटा फुटतात, विशेषतः दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की. ११ ला निघालेली फेरी दीड वाजता परतते, म्हणजे पाणी सगळ्यात कमी आणि वारा वाढलेला, नेमकं तेव्हा संगमावर.

दुसरी बाजू पाण्याच्या निवळपणाची. भरतीबरोबर बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्यालगतच्या खडकांवर येतं. ओहोटीला उलट: खाड्यांचं, किनाऱ्यावरची वाळू ढवळलेलं गढूळ पाणी बाहेर सरकतं. दशमीला अष्टमीच्या भांगाचा (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो त्या दिवसांचा) असर अजून थोडा असतो, पाण्याला ओढ कमी असते, त्यामुळे सकाळी आठ-नऊला किल्ल्याजवळचं पाणी उत्तम मिळणार होतं. साडेबारा वाजता त्याच जागी हात लांब केला तर बोटं दिसतील की नाही, याचीच शंका.

तांडेलांनी एजंटला फोन करून वेळ बदलायला सांगितली. एजंटचं म्हणणं सरळ होतं: बाकीच्या होड्या ११ ला जातात, तुम्हालाच काय अडचण? त्याच्याकडून पाहुण्यांचा नंबर घेऊन तांडेलांनी थेट पुण्याच्या मंडळींशी बोलणं केलं. मोठ्या मुलाला सकाळी सातची वेळ पटेना. मुलं लहान आहेत, आई सत्तरीच्या आहेत, सुट्टीत एवढ्या पहाटे कोण उठणार? तांडेलांनी भरतीचा हिशेब थोडा समजावून पाहिला, मग एवढंच म्हणाले, "अकराक गेलो तर परत येताना संगमार लाट फुटतली. माझ्या होडयेत पोरां आसत, मी जावचंय नाय."

फोन स्पीकरवर असावा, कारण लगेच पलीकडून मोठ्या मुलाच्या पत्नीचा आवाज आला, "काका, आम्ही सातला येतो."

हे एक वाक्य मिळवण्यासाठी तांडेलांनी धंदा पणाला लावला होता, हे लक्षात घ्यायला हवं. नाही म्हणणाऱ्या होडीवाल्याकडे एजंट पुढचं बुकिंग पाठवत नाही. नाताळच्या आठवड्यात तर एकेका फेरीचा पैसा वर्षभराच्या डागडुजीला लागतो. पण २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तो दिवस या किनाऱ्यावरच्या कोणाही होडीवाल्याच्या मनातून गेलेला नाही.

बोलण्यात आणखी दोन गोष्टी ठरल्या. डॉल्फिनचा पाठलाग करायचा नाही, वाटेत दिसले तर थांबून पाहायचे. आणि किल्ल्यावर चढायचं नाही, तो पाण्यावरूनच दाखवायचा. किल्ला पाहायचा असेल तर त्यासाठी मालवण जेटीवरून वेगळी होडी आणि निवांत अर्धा दिवस द्यावा. एका सकाळी चार गोष्टी कोंबल्या की चारही उरकल्या जातात.

सकाळ

पावणेसातला सगळे आले. आजी घरीच थांबणार होत्या. बाकीच्या सहांपैकी पोहता येणारा एकच, धाकटा भाऊ.

होडीत बसण्याआधी पुतण्याने सगळ्यांना घरामागे खाडीच्या कडेला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. माझ्या मते साऱ्या फेरीतली ही सर्वांत मोलाची वीस मिनिटं. मोठ्या गटात ही शिकवणी चालत्या होडीत आरडाओरड्यात होते आणि माणूस पहिल्यांदा नळी तोंडात धरतो ते थेट खोल पाण्यात. इथे प्रत्येकाने आधी उभ्या उभ्या तोंडाने श्वास घेऊन पाहिला. मास्कच्या कडेखाली केसाची एक बट अडकली तरी पाणी शिरतं, हे हाताने करून कळलं. मोठ्या भावाला भरघोस मिशी होती, तिथून सतत पाणी येत होतं. पुतण्याने वरच्या ओठावर व्हॅसलीन लावायला दिलं आणि गळती थांबली. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून खाडीच्या पाण्याने विसळायची, हे मुलांना भलतंच आवडलं. नळीत पाणी गेलं तर घाबरून डोकं वर काढायचं नाही, "फू" करून जोरात फुंकायचं, हे दहा-दहा वेळा करून घेतलं.

मोठ्या सूनबाई, म्हणजे फोनवर होकार देणाऱ्या, इथेच घाबरल्या. नळीतून श्वास घेताना छातीत दाटून येत होतं. पुतण्याने आग्रह केला नाही. "वहिनी, तुम्ही होडीच्या कडेला रिंग धरून नुसता चेहरा पाण्यात घाला, नळी नको," एवढंच सांगितलं. लहान गटाचा हा फायदा मला फार मोठा वाटतो. सहा जणांत घाबरलेला माणूस दिसतो, वीस जणांत तो लाजेने गप्प बसतो.

सव्वासातच्या सुमारास होडी संगमावरून पार झाली. मतलई वारा मागून, समुद्र सपाट. देवबाग आणि तारकर्लीचा किनारा उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे जायचं, साधारण पाऊण तासात सिंधुदुर्ग समोर येतो. लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर, अगदी पोहणाऱ्या भावाच्याही. त्याने एकदा काढायचा प्रयत्न केला, तेव्हा खलाशाने काही न बोलता इंजिन मंद केलं आणि पट्टा परत लागेपर्यंत मंदच ठेवलं.

किल्ल्याबद्दल तांडेलांनी जे सांगितलं ते इतिहासाच्या पुस्तकापेक्षा वेगळ्या बाजूने होतं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं ते बेटाभोवतीचे बुडालेले खडक पाहून. वाट माहीत नसलेलं शत्रूचं जहाज तटापर्यंत येऊच शकत नाही. तेच खडक आज प्रवाळांचं घर आहेत. ज्या दगडांनी आरमाराला आडोसा दिला, त्यांच्यावर आपण मास्क लावून तरंगतो. मालवणच्या या पाण्याला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. गावातल्या मच्छीमारांचा त्याला जुना विरोध आहे आणि त्यामागे पोटापाण्याची खरी भीती आहे. हे पर्यटकांना सांगितलंच पाहिजे, नाहीतर नियम मोडणारा तो वाईट माणूस एवढंच त्यांच्या लक्षात राहतं.

नांगर खडकावर न टाकता वाळूवर टाकला. त्यासाठी होडी थोडी लांब उभी करावी लागली. खडकांवरच्या ढिगाऱ्यासारख्या गोल प्रवाळाची वाढ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर. एक नांगर घासला की माणसाच्या अर्ध्या आयुष्याएवढी वाढ जाते.

ब्रेडचा प्रश्न

साडेआठपर्यंत पहिली तुकडी पाण्यात होती. तिरपा प्रकाश होता, पण पाणी इतकं निवळ की होडीतूनही खालचा खडक दिसत होता. पुतण्या पुढे, मागे रिंगला धरून दोघं. एका खेपेला दोनच जण.

धाकटा मुलगा वर आला तो नाराज. त्याच्या मित्राच्या व्हिडिओत माशांचा थवाच्या थवा चेहऱ्यासमोर होता, इथे मासे लांब लांब होते. त्याच्या वडिलांनी पिशवीतून ब्रेडचा पुडा काढला. हॉटेलात कोणीतरी सांगितलं होतं म्हणून मुद्दाम आणलेला.

पुतण्याने पुडा पाण्यात टाकू दिला नाही. इथे थोडी ताणाताणी झाली. "सगळे टाकतात, तुमच्याकडेच का नाही?" असा सूर लागला. वडिलांचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. या किनाऱ्यावर बऱ्याच होड्यांवर ब्रेड किंवा बिस्किटं टाकली जातात आणि व्हिडिओ त्यावरच बनतात.

यातली मेख मला त्या दिवशी उमगली. ब्रेड टाकावा लागतो कारण पाणी गढूळ असतं. ११ नंतरच्या पाण्यात चार हातांपलीकडचं दिसत नाही, मग मासा पाहुण्याच्या काचेसमोर आणून दाखवावा लागतो. पैसे घेतलेत तर काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणजे ब्रेडची सवय चुकीच्या वेळेतून आली. वेळ सुधारली तर ब्रेडची गरजच राहत नाही. निसर्ग वाचवा असं सांगून जे होत नाही, ते भरतीच्या वेळेला फेरी नेऊन निम्मं तरी होईल, असं मला ठामपणे वाटतं.

ब्रेडने काय होतं, हे पुतण्याने मुलालाच समजावलं. ब्रेडवर झेपावतात ते बहुतेक पट्टेवाले सार्जंट मेजर मासे. त्यांची झुंड जमली की बाकीचे मागे सरतात. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे, उदाहरणार्थ पोपटमासा, आपलं काम सोडून फुकटच्या खाण्याकडे वळले तर शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतं. शिवाय खायला चटावलेला मासा बोटाला चावतो. मग तो म्हणाला, पाच मिनिटं हालचाल न करता तरंग आणि कान दे, पोपटमासा खडक कुरतडतो त्याचा आवाज येतो.

मुलगा पुन्हा उतरला. वर आला तेव्हा आवाज ऐकल्याचं सांगत होता, शिवाय एका कपारीत गोब्रा मासा बसलेला पाहिला होता, तो त्याने हात पसरून दाखवला तेवढा नक्कीच नव्हता. सूनबाईंनी होडीच्या कडेला लटकून नळीशिवाय चेहरा पाण्यात घातला, पुन्हा पुन्हा घातला आणि शेवटी स्वतःहून नळी मागितली. वडील मात्र खूश नव्हते. त्यांना हवा तसा व्हिडिओ मिळाला नाही, हे त्यांनी परतीच्या वाटेवरही बोलून दाखवलं. ही नाराजी खरी आहे आणि अशा फेरीची ती किंमत आहे.

साडेनऊला इतर होड्या येऊ लागल्या. आमची होडी तेव्हा निघाली. पावणेअकराच्या आत संगम ओलांडला, पट्ट्यावर पाणी अजून पुरेसं होतं.

जेवण

थाळीत सुरमई असल्याचं एजंटने कबूल केलं होतं. त्या सकाळी देवबागला कोणाच्याच जाळ्यात सुरमई नव्हती. बाजारातली बर्फातली, दुसऱ्या बंदरातून आलेली मिळाली असती, पण तांडेलांच्या पत्नीने ती आणली नाही. पाहुण्यांना आल्या आल्या स्पष्ट सांगितलं: आज बांगडा आहे आणि तिसऱ्या आहेत.

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आदल्या दिवशीच्या ओहोटीला जाऊबाईंनी खाडीत वेचल्या होत्या. वेचल्यावर त्या पाण्यात ठेवाव्या लागतात, म्हणजे पोटातली वाळू सोडतात. मग विळीवर एकेक शिंपलं उघडून, मांस एकाच शिंपल्यात ठेवून, ओलं खोबरं आणि घरचा मसाला घालून सुकं. बांगड्याचं तिखलं, त्यात ठेचलेली तिरफळं. तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. धाकट्या सूनबाई मासे खात नव्हत्या, त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं. आजींनी तिरफळाचा वास ओळखला. त्यांच्या माहेरी, राजापूरकडे, बांगड्यात तेच पडायचं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन तिरफळं किती घातली ते विचारलं आणि मग जेवण आटोपेपर्यंत त्या तिथेच बसल्या.

एजंटने विकलेल्या थाळीत नसलेलं हे जेवण पाहुण्यांना इतकं आवडलं की सुरमईचा विषय पुन्हा निघाला नाही. पण आवडलं नसतं तरी सांगण्याची पद्धत योग्यच होती. काय मिळेल हे आधी सांगितलं, आणि नको असेल तर जेवणाचे पैसे वजा करण्याची तयारी दाखवली.

जेवणानंतर ओहोटी होतीच. एरवी ही वेळ वाया गेली असती. जाऊबाई आजींना आणि दोन्ही मुलांना घेऊन खाडीच्या उघड्या पडलेल्या वाळूत गेल्या. "आजी, पायाखाली बगा, थंय भोक दिसता ना, थंयच खणा." सकाळी होडीत न आलेल्या आजींना दिवसातला त्यांचा वाटा इथे मिळाला. सकाळच्या फेरीला जी ओहोटी मारक ठरली असती, तीच दुपारी स्वयंपाकघराच्या कामी आली. भरती होडीची, ओहोटी चुलीची: या घरात दोन्ही कामं पिढ्यानपिढ्या अशीच वाटून चालली आहेत. ११ च्या बुकिंगने दोन्ही वेळा एकदम मोडल्या असत्या. संध्याकाळी कुडाळहून मंडळींची गाडी होती, ती आरामात मिळाली.

नंतर

एजंटने त्या हंगामात या घराला पुन्हा बुकिंग पाठवलं नाही. हे अपेक्षित होतं. पुण्याच्या कुटुंबाने मात्र ओळखीच्यांना पाठवलं आणि त्यांतल्या काहींनी फोनवर पहिला प्रश्नच विचारला, "कोणत्या तारखेला पाणी चांगलं असेल?" या प्रश्नाने धंद्याची मांडणी बदलते. आधी तारीख, मग होडी मिळेल का, असं एरवी चालतं. इथे आधी पाणी, मग तारीख.

त्यावरून कुटुंबाने आपल्यापुरती घडी बसवली. दशमी ते पौर्णिमा आणि त्याच तिथी वद्य पक्षात, सकाळची भरती सात ते साडेदहाच्या दरम्यान येते, तेव्हा स्नॉर्कलिंग. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची ओढ जास्त असते, म्हणून त्या दिवसांत लहान मुलांना पाण्यात उतरवायचं नाही. पंचमी ते सप्तमीला भरती पहाटे आणि पुन्हा दुपारनंतर. त्या दिवशी स्नॉर्कलिंग विकायचंच नाही. त्याऐवजी कर्ली खाडीतून आत कांदळवनापर्यंत संथ फेरी, ओहोटीला तिसऱ्या आणि दुपारी जेवण. त्याचा दर कमी, पण पाहुण्याला जे सांगितलं ते मिळतं. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंदच असतं, त्यावर वाद नाही.

हिशेबाने पाहिलं तर नुकसान आहे. दिवसात तीन-चार फेऱ्या मारणारी होडी या घरापेक्षा जास्त कमावते. हे घर एका फेरीला जेवण जोडून दर थोडा वाढवतं, मधला एजंट टाळतं आणि इंजिनाचं पेट्रोल वाचवतं. तरीही नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिथी जुळली नाही तर आठवडा कोरडा जातो. शाळांच्या सुट्ट्या पंचांग पाहून लागत नाहीत, आणि सात जणांच्या कुटुंबाला तारीख बदला म्हणणं सोपं नाही. हा प्रश्न सुटलेला नाही आणि एका घराने सुटणाराही नाही.

नांगराचाही तसाच. एक होडी वाळूवर नांगर टाकते, तिच्या शेजारी बाकीच्या खडकावर टाकतात. किल्ल्याजवळच्या खडकांपाशी कायमचे तरंगते बोये बसवले आणि होड्यांनी नांगर न टाकता त्यांनाच दोर बांधायचे ठरवले, तर नुकसान बरंच थांबेल. किती बोये लागतील, कुठे बसवायचे, पावसाळ्यात ते काढून कोण ठेवणार आणि खर्च फेरीमागे कसा वाटायचा, हे होडीवाल्यांनी, मेरीटाइम बोर्डाने आणि वन खात्याने एकत्र बसून ठरवायचं काम आहे. तांडेलांनी आपल्या वाटणीची रक्कम द्यायची तयारी ठेवली आहे आणि हंगाम संपल्यावर वाडीच्या बैठकीत ते हा विषय मांडणार आहेत.